पडदा होऊ पाहणारी काच

कॉर्निंग या अमेरिकी काच कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘अ डे मेड ऑफ ग्लास’ नावाची एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली आणि बघता बघता ती कोट्यवधी वेळा पाहिली गेली. एका सुखवस्तू कुटुंबाचा एक दिवस तिच्यात होता. सकाळी खिडकीची धूसर काच आपोआप निवळते, न्हाणीघरातल्या आरशावर दिवसभराच्या भेटीगाठी उमटतात, स्वयंपाकाच्या ओट्यावर बोट फिरवले की मजकूर सरकतो, बसथांब्याची काच नकाशा दाखवते, कपड्यांच्या दुकानातली काच गिऱ्हाइकाला कपडे सुचवते. त्यातली जवळपास प्रत्येक वस्तू आज बनवता येते आणि काही तर बाजारात विकतही मिळतात. तरीही पंधरा वर्षांनंतर बहुतेक घरांत आरसा आरसाच आहे, ओटा ग्रॅनाइटचाच आहे आणि पडदे आहेत ते भिंतीवरच्या टीव्हीत, टेबलावरच्या संगणकात आणि हातातल्या फोनमध्ये. हा उशीर नुसता किमतीमुळे झाला असेल, तर किमती उतरल्या की प्रश्न आपोआप मिटेल. पण या दीड दशकात कुठली काच टिकली आणि कुठली बाद झाली, हे ओळीने मांडून पाहिले तर कारण किमतीपलीकडचे दिसते.

फोनची काच जगभर पोहोचली, कारण तिला दुसरे काही काम नव्हते. तिच्या मागे पाहण्यासारखे काही नसते, असते ती बॅटरी आणि सर्किट. खिडकी, फ्रिजचे दार, दुकानाची शोकेस, गाडीची पुढची काच यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना आधीच काम नेमून दिलेले आहे आणि ते काम म्हणजे पलीकडचे दिसू देणे. आरशाचे काम चेहरा दाखवणे. बटणाचेही एक काम असते, न पाहता बोटाला सापडण्याचे. अशा जागी पडदा बसवायचा, तर त्या पृष्ठभागाच्या मूळ कामातला थोडाफार हिस्सा काढून घ्यावा लागतो. संवादी काचेची चर्चा बहुतेक वेळा नव्याने काय मिळणार याचीच होते आणि हा काढून घेतलेला हिस्सा जमाखर्चात धरलाच जात नाही. माझे म्हणणे असे, की जो पडदा पृष्ठभागाच्या मूळ कामाला हात लावत नाही किंवा त्याला मदत करतो, तोच रोजच्या जगण्यात टिकेल. जो मूळ काम हिसकावून घेतो, तो स्वस्त झाला तरी टिकणार नाही.

काच बनवण्याचे तंत्र यात कुठेही कमी पडलेले नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवून सपाट तावदाने काढण्याची पद्धत जाहीर केली आणि घासून गुळगुळीत करण्याचा खर्चिक टप्पा संपला. पडद्यासाठी लागणारी पातळ काच त्याहून वेगळ्या युक्तीने बनते. रस एका पन्हळीत भरून दोन्ही कडांवरून ओघळू देतात, खाली दोन्ही ओघळ एक होतात आणि अधांतरी लोंबणारा तो ताव कशालाही न टेकता थंड होतो. तो कणखर करायचा, तर पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन निघून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात, पृष्ठभाग आवळला जातो आणि ओरखड्याची तडक व्हायला जास्त जोर लागतो. स्पर्श ओळखण्याचे तंत्रही जुनेच. ब्रिटनच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणासाठी स्पर्शपडद्याची कल्पना मांडली. पुढच्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये बेंट स्टंपे यांनी प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षासाठी तसा पडदा घडवला. तिथली गरज खरी होती. हजारो यंत्रभागांसाठी हजारो बटणे बसवणे शक्य नव्हते, म्हणून एकाच काचेवर हवी तेव्हा हवी ती बटणे उमटवायची. पारदर्शक असूनही वीज वाहून नेणारा इंडियम टिन ऑक्साइडचा थर हाताशी होताच. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा यातला प्रत्येक धागा विणायला तयार होता.

पारदर्शक पडदा मात्र प्रकाशाच्या नियमांशी अडतो. काळा रंग म्हणजे प्रकाश नसणे. साधा पडदा मागून बंद असतो, पलीकडचा उजेड त्यातून येत नाही, म्हणून काळे काळे दिसते. स्वतः उजळणाऱ्या आरपार काचेवर काळ्या ठिपक्याच्या जागी पलीकडची भिंत दिसते. चित्र उठावदार करायचे तर पारदर्शकता सोडावी लागते आणि पारदर्शकता राखायची तर चित्र भुतासारखे फिके पडते. पारदर्शक एलसीडीत ध्रुवक आणि रंगगाळण्या इतका प्रकाश गिळतात, की पलीकडचा फारच थोडा इकडे येतो. पारदर्शक ओएलईडीत हे प्रमाण साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे तीही गॉगलमधून पाहिल्यासारखीच काच झाली. एलजीने २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत ७७ इंची पारदर्शक टीव्ही विक्रीला आणला, किंमत सुमारे साठ हजार डॉलर, म्हणजे आपल्या पन्नास लाखांच्या घरात. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. पॅनेलच्या मागे गुंडाळी होणारा एक काळा पडदा बसवलेला आहे आणि सिनेमा नीट पाहायचा असेल तेव्हा बटण दाबून तो वर ओढावा लागतो. पारदर्शकतेसाठी एवढे पैसे मोजलेल्या टीव्हीला चित्र दाखवण्यासाठी अपारदर्शक व्हावे लागते, यातच अडचण कळते. उन्हात तर गणित आणखी बिघडते. भर दुपारच्या थेट उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो आणि त्यात धरलेला पांढरा कागद जवळपास तीस हजार निट इतका उजळतो. पडद्यांची चमक साधारणपणे शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत मोजली जाते. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने ऊन असते, तेव्हा बसथांब्याची बोलकी काच किती वाजता वाचता येईल, हा प्रश्न बारीकसारीक म्हणून सोडता येणार नाही.

मूळ काम हिसकावून घेतल्यावर काय होते, याचे ठसठशीत उदाहरण अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांतले आहे. वॉलग्रीन्स या साखळीने कूलर स्क्रीन्स नावाच्या कंपनीशी करार करून थंड पेयांच्या कपाटांची काचेची दारे काढली आणि जागोजागी पडद्यांची दारे लावली. पूर्वी गिऱ्हाईक काचेतून बाटली पाहायचे, नव्या दारावर त्याला बाटलीचे चित्र दिसू लागले. जोडीला जाहिराती, भाव आणि सवलती. आत माल संपलेला असला तरी चित्र भरल्या कपाटाचे दिसे, पडदा बंद पडला की आत काय आहे ते दार उघडल्याशिवाय कळत नसे. २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांचे भांडण कोर्टात गेले आणि प्रयोग आटोपला. इथे पडद्याचा दर्जा उत्तम असता तरी निष्कर्ष फारसा बदलला नसता. आरपार दिसणारी काच कधी नादुरुस्त होत नाही, तिला वीज लागत नाही, ती शिल्लक मालाबद्दल खोटे बोलत नाही. ही सगळी सेवा फुकट मिळत होती, म्हणून कुणी तिची किंमत लावली नव्हती.

बटणाच्या बाबतीत हीच चूक अधिक महाग पडली. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण स्पर्शपडद्यांवर होते. नियंत्रण एका आसनावरून दुसऱ्याकडे गेले होते, पण चालवणाऱ्याला सुकाणूच निकामी झाल्यासारखे वाटले. दोन्ही पंख्यांचा वेग एकत्र जोडलेला नव्हता, त्यामुळे वेग कमी करायला गेल्यावर एकच पंखा मंदावला आणि जहाज वळले. चौकशीत प्रशिक्षण आणि देखरेखीतल्या त्रुटींबरोबर या पडद्यांच्या रचनेवरही ठपका आला आणि नौदलाने हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचे ठरवले. दांडा कुठल्या स्थितीत आहे हे डोळ्यांना आणि तळहाताला एकाच वेळी कळते. सपाट काचेवर ते वाचावे लागते. रस्त्यावरचा पुरावाही तसाच. ‘व्ही बिलेगरे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या गाड्यांत ठरावीक चार साधी कामे करायला किती वेळ लागतो ते मोजले. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वोत दहा सेकंद लागले, तर सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या पडदेवाल्या गाडीत जवळपास पंचेचाळीस. तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर कापून गेली. युरो एनकॅप या वाहनसुरक्षा संस्थेने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींना खरी बटणे असल्याशिवाय पूर्ण गुण न देण्याचे ठरवले, ते याच अनुभवावर. हा विषय आपल्यापासून दूर नाही. १४१ सेंटिमीटर रुंदीचा काचेचा पट्टा डॅशबोर्डभर पसरलेली मर्सिडीज ईक्यूएस २०२२ पासून चाकणला जोडली जाते आणि चाकणलाच बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये तीन पडदे शेजारी शेजारी बसवलेले आहेत. ज्या रस्त्यांवर खड्डा, दुचाकी आणि उलट दिशेने येणारी रिक्षा एकाच वळणावर भेटतात, तिथे नजर रस्त्यावरून हटण्याची किंमत स्वीडनपेक्षा कमी असण्याचे काही कारण नाही.

भिंतीएवढ्या पडद्यावर हात नाचवत काम करण्याचे चित्र २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या चित्रपटाने लोकांच्या मनात ठसवले. शरीराला मात्र ते मानवत नाही. खांद्याच्या उंचीवर हात धरून ठेवला, की काही मिनिटांतच तो भरून येतो. स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये लॅपटॉपच्या उभ्या पडद्याला स्पर्श देणार नाही असे सांगताना हेच कारण दिले होते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये दाखवलेले स्पर्श ओळखणारे टेबल काही हॉटेलांत आणि दुकानांत गेले, घरात मात्र शिरले नाही. टेबलावर माणसे कप, किल्ल्या, वर्तमानपत्र ठेवतात आणि ज्यावर काही ठेवायचे नाही ते टेबल म्हणून कामाचे नसते.

सार्वजनिक जागी संवादी काच कशी वागते, हे पाहायला मुंबईची उपनगरी स्थानके ही उत्तम प्रयोगशाळा आहे. तिकीट देणारी एटीव्हीएम यंत्रे तिथे अनेक वर्षे उभी आहेत. स्थानक निवडा, मार्ग निवडा, माणसे किती, जाण्याचे की जाण्यायेण्याचे, कार्ड ठेवा, असे एकामागून एक टप्पे. गर्दीच्या वेळी या यंत्राशेजारी कमिशनवर नेमलेला सहायक उभा असतो, बहुतेकदा रेल्वेतून निवृत्त झालेला. प्रवासी स्थानकाचे नाव सांगतो, सुट्टे पैसे पुढे करतो आणि सहायकाची बोटे न थांबता काचेवर फिरून तिकीट काढतात. माणूस वाचवायला आणलेल्या यंत्राला चालवायला माणूस लागला, यात प्रवाशांचे अज्ञान शोधण्यात अर्थ नाही. पाठीमागे रांग आणि फलाटावर गाडी असताना कुणालाही पडद्याशी संवाद साधायचा नसतो, त्याला तिकीट हवे असते. त्याच स्थानकावर वर टांगलेला इंडिकेटर पाहा. शेवटचे स्थानक, धीमी की जलद, डबे बारा की पंधरा, किती मिनिटे, एवढेच तो सांगतो. त्याला बोट लावता येत नाही, लावायची गरजही नाही. धावत जिना उतरणारा माणूस दुरूनच तो एका नजरेत वाचतो. दुकानांतही हेच झाले. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला दोन हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. पण भाजीवाल्याच्या गाड्यावर यासाठी कुठलीच काच बसवावी लागली नाही. छापील क्यूआर चिकटवला आणि पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स ठेवला. विक्रेत्याचे हात तराजूत आणि डोळे गिऱ्हाइकावर असतात, रिकामे असतात ते कान. संवाद साधणारी काच होती ती गिऱ्हाइकाच्या खिशात, त्याच्या सवयीच्या भाषेत आणि अक्षरांच्या आकारात. प्रत्येकाच्या खिशात अशी काच असताना सार्वजनिक भिंतीवर दुसरी काच लावायची, तर ती फोनपेक्षा नेमके काय अधिक देते हे दाखवून द्यावे लागेल.

यात सगळ्यांत कमी बोलला जाणारा मुद्दा दृष्टिहीनांचा. सपाट काचेवर अंधारात आणि उजेडात त्यांना सारखेच काही सापडत नाही. कार्ड स्वाइप करण्याच्या जुन्या यंत्रावर पाचच्या आकड्यावरचा बारीक उंचवटा चाचपून पिन टाकता येत असे, पडद्याच्या यंत्रावर तो आकडा दुकानदाराला सांगण्याची पाळी येते. आपल्या मतदानयंत्राशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. तिथे दाबायला निळे बटण आहे, शेजारी ब्रेलमधला क्रमांक आहे, दाबल्यावर लाल दिवा लागतो आणि लांब बीप वाजते. काच आहे ती व्हीव्हीपॅटवर, आणि तिचे काम एवढेच, की मतदाराला आतली चिठ्ठी सात सेकंद दिसावी. बोटाचे काम बटणाकडे, कानाचे आवाजाकडे आणि डोळ्यांचे काचेकडे, अशी नेमकी वाटणी त्या यंत्रात झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत असे बजावले आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. त्यामुळे केवळ बोटाने आणि नजरेने चालणारा पडदा सरकारी सेवेत बसवणे हा यापुढे नुसत्या गैरसोयीचा नाही, तर कायद्याचाही प्रश्न आहे.

आता पैशांकडे वळू. साधी काच पन्नास वर्षे चौकटीत राहते, फ्रिज दहा-पंधरा वर्षे चालतो, त्यावरच्या पडद्याच्या सॉफ्टवेअरची साथ मात्र त्याआधीच संपू शकते. दोन निरनिराळ्या वयोमानाच्या वस्तू एकमेकींना चिकटवल्या, की लवकर मरणारी दुसरीला ओढून नेते. पडद्याची काच आतल्या थरांना डिंकाने जोडलेली असते, त्यामुळे तडा गेला तर काच बदलता येत नाही, अख्खे पॅनेल बदलावे लागते. बाटलीची काच भट्टीत पुन्हा वितळते, अनेक धातूंचे थर असलेली काच तशी सहज वितळवता येत नाही आणि ई-कचऱ्यात जाते. शिवाय हा खर्च भरून काढायचा कुणी, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा जाहिरात हेच असते. सॅमसंगने २०२५ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आपल्या पडदेवाल्या फ्रिजवर प्रायोगिक तत्त्वावर जाहिराती दाखवायला सुरुवात केली. ते फ्रिज लोकांनी पूर्ण किंमत मोजून आधीच घरात आणलेले होते. फोनवरची जाहिरात फोन पालथा ठेवून टाळता येते, स्वयंपाकघराच्या भिंतीला पालथे करता येत नाही. खिडकी, आरसा आणि दार यांवर पडदे आले, तर घरातल्या माणसाच्या नजरेचा भाडेपट्टा दुसऱ्याच कुणाच्या नावावर होण्याची शक्यता खरी आहे.

म्हणून काचेला काही शिकवूच नये, असे अर्थातच म्हणायचे नाही. मूळ कामाला मदत करणारे प्रयोग टिकले आहेत आणि वाढतही आहेत. गाडीच्या पुढच्या काचेवर वेग आणि वळणाचा बाण दाखवणारा हेड-अप डिस्प्ले लढाऊ विमानांतून आला आणि १९८८ मध्ये ओल्ड्समोबिलच्या मोटारीत प्रथम बसला. त्यात चित्र काचेवर नव्हे, काही मीटर पुढे तरंगल्यासारखे दिसते, म्हणून रस्त्यावरची नजर आखडून जवळ आणावी लागत नाही. पुढची काच दुपदरी असते आणि तिच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब उमटल्याने आकडा जोडीने दिसू शकतो. त्यावर उपाय म्हणून दोन पदरांमधली पारदर्शक फिल्म खाली पातळ आणि वर किंचित जाड, पाचरीसारखी करतात, की दोन्ही प्रतिबिंबे एकावर एक बसतात. इतका खटाटोप कशासाठी, तर रस्ता दिसण्यात अडथळा येऊ नये म्हणून. मूळ कामाचा मान राखणे म्हणजे काय, ते इथे मिलिमीटरच्या अंशांत दिसते. बोईंग ७८७ मध्ये खिडकीला सरकते झाकण नाही, बटणाने गडद होणारी काच आहे. झगझगीत उजेड अडवूनही बाहेरचे आकाश दिसत राहते. तिथेही पुरता अंधार होत नाही अशी तक्रार आली आणि खिडकीचा ताबा प्रवाशाकडून विमान कर्मचाऱ्यांकडे जाऊ शकतो, हेही लक्षात आले. आपल्या रेल्वेच्या नव्या विस्टाडोम डब्यांतही विजेवर धूसर होणाऱ्या काचा आहेत. सह्याद्रीतले धबधबे पाहायला बसलेल्या प्रवाशाला त्या काचेवर काही लिहून यायला नको असते. ऊन डोळ्यांवर येऊ नये एवढेच हवे असते.

चष्म्याची काच या कसोटीवर मधोमध उभी राहते. गुगल ग्लास २०१३ मध्ये दीड हजार डॉलरना आला आणि सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१५ मध्ये थांबली. कारखान्यांसाठीची आवृत्तीही २०२३ मध्ये बंद झाली. समोरच्या माणसाला आपले चित्रण होत असल्याचा संशय नको होता. मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलरचा नवा चष्मा आणला. त्याच्या उजव्या भिंगातच छोटा पडदा आहे आणि तो चालवायला काचेला बोट लावायचे नाही, मनगटावरची पट्टी स्नायूंचे इशारे वाचते. म्हणजे संवादी काचेच्या सर्वांत पुढारलेल्या नमुन्याने स्पर्शच सोडून दिला. चष्म्याचे मूळ काम नीट दिसणे. समोरच्याच्या ओठांखाली भाषांतर उमटवणारा किंवा कमी ऐकू येणाऱ्याला बोलणे लिहून दाखवणारा चष्मा त्या कामात भरच घालतो. समोरच्याशी बोलताना बातम्या दाखवणारा चष्मा ते काम बिघडवतो. यंत्र तेच, फरक वापराचा. म्हणून या वस्तूचे भवितव्य चमक किंवा वजन यांच्याइतकेच कधी काही दाखवायचे नाही, या शिस्तीवर ठरेल.

या मांडणीवर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की प्रत्येक नवे तंत्र सुरुवातीला बोजडच वाटते. फोनवर बटणे नाहीत म्हणून २००७ मध्येही लोक हसले होते. खरे आहे, पण फोनने बटणांच्या बदल्यात संपूर्ण पृष्ठभाग दिला आणि फोन डोळ्यांसमोर धरूनच वापरायचा असल्याने न पाहता सापडण्याचा गुण तिथे फारसा महाग नव्हता. स्टिअरिंगमागे तो महाग आहे. वस्तू बदलली की जमाखर्च बदलतो, म्हणून फोनचे यश सगळीकडे उसने नेता येत नाही. दुसरा आक्षेप किमतीचा. दोन पिढ्यांपूर्वी टीव्हीही चैनीचा होता, पारदर्शक पॅनेलही उतरेल. उतरेलच, पण काळ्या रंगाचा आणि उन्हाचा प्रश्न किमतीने सुटणारा नाही, आणि कूलरच्या दारांचे प्रकरण विस्कटले ते गिऱ्हाइकाला पैसे मोजावे लागले म्हणून नव्हे, त्याला तर ती दारे फुकटच होती. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बटण एकच काम करते, काचेवरचे बटण उद्या दुसरे होऊ शकते, भाषा बदलू शकते, मराठी वाचणाऱ्याला मराठी आणि उर्दू वाचणाऱ्याला उर्दू दाखवू शकते. सर्नच्या नियंत्रण कक्षात हेच कारण होते आणि जिथे कामांची यादी लांब आणि सतत बदलती आहे तिथे पडदाच योग्य. संग्रहालयात, ग्रंथालयाच्या सूचीत, रुग्णालयात प्रतिमा तपासताना तो शोभतो. हॉर्न, दिवा, पंखा, लिफ्टचा मजला यांची यादी मात्र बदलत नाही.

चौथा आक्षेप महाराष्ट्रात हमखास येतो, की अशाने आपण मागे पडू. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडातून १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला, स्वदेशीच्या काळात काच बनवता येणे हीच आधुनिकता होती. त्याच तळेगावात वेदांत-फॉक्सकॉनचा अर्धसंवाहक आणि डिस्प्लेचा दीड लाख कोटींहून मोठा प्रकल्प येणार अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये तो गुजरातेत गेला आणि पुढल्याच वर्षी फॉक्सकॉन भागीदारीतून बाहेर पडली. पॅनेल देशात बनावीत हे औद्योगिक उद्दिष्ट योग्यच आहे, पण कारखाना हवा म्हणून प्रत्येक शाळेच्या भिंतीवर पडदा हवा, हा तर्क जुळत नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या आणि त्यातल्या काहींची वीज बिल थकल्यामुळे तोडल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. फळा वीज गेल्यावरही चालतो आणि एका वेळी पाच मुले त्यावर लिहू शकतात, हे त्याचे मूळ काम. ते शाबूत ठेवून शेजारी पडदा आला तर भर पडते, फळा काढून पडदा लावला तर शाळा वीजजोडणीच्या भरवशावर जाते.

या सगळ्यातून पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे जे चित्र दिसते ते कॉर्निंगच्या चित्रफितीपेक्षा बरेच शांत आहे. काच हुशार होईल, पण तिच्यातला बराचसा बदल अक्षरांचा नसेल, ऊन, उष्णता आणि धूसरपणा सांभाळण्याचा असेल. आपल्या हवामानात वीजबचतीच्या दृष्टीनेही त्याचेच मोल अधिक. तिथेही घाई उपयोगाची नाही: गडद होणाऱ्या काचांची व्ह्यू ही कॅलिफोर्नियातली कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली, कारण चांगले तंत्र महागड्या धंद्याला आपोआप तारत नाही. गाडीच्या काचेवर चार आकडे येतील, आणि हवेच्या झोताची व आवाजाची बटणे हळूहळू परत येतील. प्रदर्शने, विमानतळ आणि मोठी दुकाने यांत पारदर्शक पडदे शोभेला राहतील. बोटाने करायचा सविस्तर संवाद फोनवरच होईल. हा अंदाज चुकवायचा असेल, तर तंत्रज्ञांनी काळा रंग दाखवणारी आरपार काच आणि बोटाला उंचवटे जाणवणारा पडदा बाजारात आणावा. तसे झाले तर या लेखातली कसोटी तीच राहील, फक्त उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या वाढेल.

तोवर जबाबदारी खरेदी करणाऱ्यांची आहे, त्यातही सार्वजनिक पैशांतून खरेदी करणाऱ्या महापालिका, परिवहन संस्था, बँका आणि शिक्षण विभाग यांची. पडदा ज्या पृष्ठभागावर बसणार तो आज कोणते काम फुकट करतो आहे? वीज गेली, पडदा बंद पडला किंवा कंपनी गुंडाळली गेली, तर ते काम चालू राहील का? दृष्टिहीन माणूस, चष्मा विसरलेला माणूस आणि दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस यांना ते कसे करता येईल? आणि पडद्यावर काय दिसावे हे उद्या कोण ठरवणार, वापरणारा की जाहिरातदार? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे निविदेच्या अर्जातच मागता येतात. पडद्याचा आकार, चमक आणि हमीचा काळ यांच्या रकान्यांशेजारी एवढा एक रकाना वाढवला, तर पुढे बंद पडून धूळ खाणारी बरीचशी काच खरेदीआधीच, कागदावरच नामंजूर होईल.